बल्ब बदलण्याआधी पेटी उघडा

सिग्नलमधला जुना बल्ब काढून एलईडी मॉड्यूल बसवणं शिडीवरच्या वायरमनला फार जड नाही. खरं काम खाली, चौकाच्या कोपऱ्यातल्या, दिवे लावणाऱ्या-विझवणाऱ्या कंट्रोलरच्या पेटीत असतं. त्यामुळे नागपुरातल्या ज्या चौकांत अजून फिलामेंटचे बल्ब आहेत, तिथली पेटी आधी उघडून बघा.

जुन्या कंट्रोलरला शंभर वॅटच्या बल्बची सवय असते. एलईडी दहा-पंधरा वॅटच घेतो. एवढा कमी करंट पाहून काही कंट्रोलर ‘लाल दिवा गेला’ असं धरतात आणि धडधडीत चालू सिग्नल पिवळ्या ब्लिंकिंगवर टाकतात. दुसरं दुखणं नेमकं उलटं. कंट्रोलरमधला इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे ट्रायॅक, बंद असतानाही त्यातून थोडा करंट झिरपत राहतो. फिलामेंट त्याला दाद देत नाही, एलईडी मात्र मिणमिणतो. रात्री लाल चालू असताना हिरव्यातही अंधूक उजेड दिसला, तर घाईतला दुचाकीवाला काय अर्थ काढेल ते सांगायला नको. म्हणून कंट्रोलरच्या प्रत्येक प्रकारावर एकेक मॉड्यूल लावून अंधाऱ्या खोलीत तपासा. एलईडीला समांतर रेझिस्टर टाकून करंट वाढवला की भागतं, पण मग वाचवलेली वीज तिथेच जळते. कंट्रोलरमधलं, दिव्यांना वीज देणारं आउटपुट कार्ड बदललेलं बरं.

बचतीचा हिशोब फाइलला आधीच लावून ठेवा. चार रस्ते, प्रत्येकाला दोन सिग्नल, म्हणजे कोणत्याही क्षणी आठ दिवे पेटलेले. शंभर वॅटने 800 वॅट, बारा वॅटने 96. सोळा तास सिग्नल चालला तर रोजचे 12.8 युनिट दीडवर येतात. पण महावितरणकडे मंजूर भार कमी करून घेण्याचा अर्ज कुणीतरी करायला हवा, नाहीतर स्थिर आकार जुन्याच भाराने लागत राहण्याची शक्यता असते. हे काम हमखास राहतं. भार इतका उतरला की लाइट गेल्यावर चौक बॅटरीवर चालवणंही आवाक्यात येतं, तेव्हा पेटीत त्यासाठी जागा धरा.

आता ऊन. अमेरिकेतल्या थंड शहरांत एलईडी सिग्नल तापत नाही म्हणून त्यावरचा बर्फ वितळत नाही, अशी तक्रार असते. आपल्याला मेअखेरचा कडक उन्हाचा नवतपा पुरेसा आहे. बाहेर 45 अंश असताना बंद काळ्या डब्यात त्याहून बरंच जास्त होतं. एलईडीला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटमधले कपॅसिटर उष्णतेने लवकर सुकतात, आणि लाल-पिवळ्या एलईडीचा उजेड हिरव्यापेक्षा जास्त उतरतो. निविदेत ‘पाच वर्षांची हमी’ एवढंच लिहून चालणार नाही. तापलेल्या डब्यात पिवळा किती उजेड देतो, याचा चाचणी अहवाल मागा. जूनमधल्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर हवाच, आणि त्याआधी अर्थिंग मोजा. कागदावर ते सगळीकडे असतंच म्हणा!

चौकांचा क्रम लावताना उगवता-मावळता सूर्य बघा. सकाळी भंडारा रोडने शहरात येणाऱ्याच्या पाठीमागून ऊन येतं आणि समोरच्या सिग्नलवर पडतं. संध्याकाळी अमरावती रोडने येताना तसंच. जुन्या रंगीत काचेमागचा रिफ्लेक्टर ते ऊन परत फेकतो आणि तिन्ही दिवे पेटल्यासारखे दिसतात. असे चौक आधी घ्या. मॉड्यूल बिनरंगी काचेचं मागा, रंगीत काच आली तर निम्मा फायदा गेला.

मुहूर्त जानेवारी-फेब्रुवारीचा. दसऱ्याला दीक्षाभूमीची गर्दी, डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाचे मोर्चे आणि बंदोबस्त, त्या दिवसांत वाहतूक पोलिसांकडे शिडीपाशी उभा करायला माणूस मिळणार नाही. काम रविवारी सकाळी, एका वेळी एकच चौक. बसवून झालं की गाडीत बसून लांबून बघा. एलईडीचा झोत सरळ जातो, सिग्नलची मान थोडी वाकडी राहिली की स्टॉप लाइनवरच्याला दिवा दिसतच नाही. झाडाच्या फांद्या त्याच दिवशी छाटून घ्या.

आणि मॉड्यूलच्या पाठीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. बल्ब गेला की चौकातून लगेच फोन येतो. एलईडी हळूहळू मंद होतो आणि कुणी तक्रार करत नाही. दर पावसाळ्यानंतर धूळ पुसून उजेड मोजायचा, हे देखभालीच्या करारातच घाला. उतरवलेले चांगले बल्ब लगेच भंगारात देऊ नका, ज्या चौकांचा नंबर यायचा आहे त्यांना तोवर तेच लागणार आहेत.