गाडीला मोठे ब्रेक घरच्या घरी बसवताना

मोठी डिस्क बसवली की गाडी लगेच कमी अंतरात थांबेल, ही अपेक्षा आधी बाजूला ठेवा. एकदाच जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबणार ते टायरची पकड ठरवते. चाक लॉक करण्याइतकी ताकद मूळच्या ब्रेकमध्येही असते. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग उष्णतेसाठी. धातू जास्त असल्यामुळे लांब उतारावर लागोपाठ ब्रेक लावूनही ती उशिरा तापते आणि पेडल तसंच्या तसं चावतं. टायर गुळगुळीत झाले असतील तर पैसे आधी तिथे घाला.

त्याच मॉडेलच्या मोठ्या इंजिनवाल्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा सेट मिळाला तर उत्तम. बोल्टची छिद्रं बहुधा जुळतात, तरी मोजूनच घ्या. कॅलिपरच्या (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने दाबणारा भाग) पिस्टनचा व्यासही मोजा. 54 मिमीऐवजी 60 मिमीचा पिस्टन आला तर क्षेत्रफळ सुमारे 23 टक्के वाढतं. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) जुनाच असल्याने पेडल जास्त खोल जातं आणि पुढची चाकं लवकर लॉक व्हायला लागतात. म्हणून पिस्टन तेवढाच, डिस्क मोठी, हे गणित सुरक्षित.

रिमचं माप कागदावर पाहून भागत नाही. नवा कॅलिपर नुसता अडकवून, चाक चढवून हाताने पूर्ण फिरवा. सगळीकडे किमान 3 मिमी मोकळी जागा हवी. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं हमखास विसरली जातात आणि कॅलिपरला घासतात.

सामान: डिस्कची जोडी, पॅड, कॅलिपर, ब्रॅकेट आणि त्याचे नवे बोल्ट, बँजो बोल्टसाठी (होस, म्हणजे ऑइलची लवचिक नळी, कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) नवे तांब्याचे वॉशर, प्रत्येक बाजूला दोन, एक लिटर डॉट 4 ब्रेक ऑइल, ब्रेक क्लीनर, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनसाठी सिलिकॉन ग्रीस, ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क पाना. डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

मागच्या चाकांना अडण्या लावा, चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, मग ती उचलून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर कधीच नाही. जुना कॅलिपर होसला लोंबकळत सोडू नका, तारेने बांधून ठेवा. होस सोडल्यावर टाकीतलं ब्रेक ऑइल मिनिममच्या खाली जाऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही.

सगळ्यात जास्त वेळ हबला, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाला, द्या. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून धातू चकचकीत दिसेपर्यंत साफ करा. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क तिरकी बसते. नटांनी डिस्क आवळून, कडेपासून 10 मिमी आत डायल गेज (डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं) लावा आणि डिस्क फिरवा; काटा 0.05 मिमीपेक्षा जास्त हलला तर डिस्क एक छिद्र फिरवून पुन्हा बसवा. हे टाळलं तर दर फेरीला डिस्कची एकच जागा पॅडला लागते, तिथे जाडी बदलते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक लावताच स्टिअरिंग थरथरतं. लोक तेव्हा ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणतात. दोष बहुधा हबवरच्या गंजाचा असतो.

नव्या डिस्कवरचं तेल क्लीनरने पुसा. कॅलिपरचा ब्लीडर निपल (हवा बाहेर काढायचं तोंड) वरच्या बाजूलाच हवा. तो खाली आला तर डावा-उजवा कॅलिपर उलटा लागलाय आणि हवा कधीच निघणार नाही. सगळे बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होस ताणला जात नाही ना, तेही बघा.

ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमधली हवा काढणं, मॅन्युअलमधल्या क्रमाने करा. निपलला पारदर्शक नळी लावा, दुसऱ्याला पेडल दाबून धरायला सांगा, निपल उघडून पुन्हा बंद केल्यावरच सोडायला सांगा; नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 15 पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका. त्यानंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता हळू चालवा. डिस्क तापलेली असताना पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा तिच्यावर उमटतो. घरी आल्यावर बँजो बोल्टभोवती कोरडा कागद फिरवा. ओल दिसली तर वॉशर बदला. 100 किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.