बेळगावहून फोंड्याची मसाल्याची बाग: मुलांना घेऊन एका दिवसाची सहल

सकाळी बेळगावहून निघायचं, गोव्यातल्या फोंड्याजवळच्या मसाल्याच्या बागेत दिवस काढायचा आणि रात्री जेवायला घरी. ही सहल आम्ही कितीतरी वेळा केली आहे. "काही नाही हो, तीन तासांत पोचता" असं सांगणारे बहुतेक मित्रांबरोबर गेलेले असतात. लहान मुलं आणि आज्जी गाडीत असतील, तर दिवस कसा जाणार ते चोर्ल्याच्या घाटातच ठरतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. पावसाळ्यात घाट देखणा दिसतो, पण दाट धुकं आणि बागेतल्या जळवा मुलांना झेपत नाहीत. बागेत आधी फोन करून जागा सांगून ठेवा आणि फेरी मराठीत किंवा कोकणीत हवी, हेही तेव्हाच सांगा. इंग्रजी माहिती ऐकणाऱ्या पर्यटकांच्या घोळक्यात मुलं दहा मिनिटांत कंटाळतात.

नकाशात नुसतं 'केरी' टाकू नका. घाट उतरल्यावर लागणारं केरी सत्तरी तालुक्यातलं, फोंड्याजवळचं केरी वेगळं आणि तेरेखोलच्या खाडीकाठचं पेडण्यातलं केरी तिसरंच. बागेचं पूर्ण नाव टाका. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, होंडा, उसगाव, फोंडा असा सुमारे ११० किलोमीटरचा रस्ता आहे. रस्त्याची आजची अवस्था आदल्या दिवशी ये-जा करणाऱ्या कुणाला तरी विचारा. सकाळी सहाला निघा.

आता घाट. पहिल्या खेपेला माझी मुलगी साडेचार वर्षांची होती. निघताना तिला पोटभर दूध आणि पुरीभाजी दिली, मागच्या सीटवर बसवलं आणि रडू नये म्हणून हातात मोबाईल दिला. घाट अर्धाही उतरला नव्हता, तोवर ती तीनदा ओकली. तिचं बघून भाच्याला सुरू झालं. बागेत पोचल्यावर दोघं सावलीत झोपून राहिली आणि आम्ही आळीपाळीने त्यांच्याजवळ बसलो. त्या दिवशीच्या तिन्ही चुका माझ्या होत्या.

गाडी लागते ती कान आणि डोळे यांचा मेळ बसत नाही म्हणून. आतल्या कानाला वळण कळतं, पण मोबाईलवर खिळलेल्या डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. म्हणून जांबोटी सुटली की मोबाईल, चित्रांची पुस्तकं, सगळं बंद. मुलाला मधल्या रांगेत, समोरच्या काचेतून रस्ता दिसेल असं बसवा आणि लांबचे डोंगर बघायला लावा. सात सीटच्या गाडीत शेवटच्या रांगेत मुलांना बसवणं मला अजिबात मान्य नाही, हेलकावे तिथेच सगळ्यात जास्त बसतात. गाडीतलं अत्तर आदल्या रात्रीच काढून टाका आणि काच थोडी उघडी ठेवा.

उपाशीपोटी न्या, हा सल्ला मी हजारदा ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. निघताना अर्धी दशमी किंवा दोन इडल्या द्या. दूध, कुंदा, तळलेलं काही नको. कणकुंबीला सगळे ठणठणीत असले तरी थांबाच. माउलीच्या देवळापाशी मुलांना पंधरा मिनिटं पळू द्या. मलप्रभा इथेच उगम पावते, तेही दाखवा. मग तोंडात आलेपाकाची वडी. ज्याला हमखास गाडी लागते, त्याच्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळी आणा आणि घाटाच्या अर्धा-एक तास आधी द्या. ओकारी सुरू झाल्यावर तिचा काही उपयोग नाही. गाडी चालवणाऱ्याने मात्र ती घेऊ नये, झोप येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचा चालवणाऱ्याचा हात. उतारावर खालच्या गिअरमध्ये, एका लयीत गाडी सोडा. वळणावर कचकन ब्रेक आणि पुढे परत जोर, यानेच मुलं ओकतात. मागचा कितीही हॉर्न वाजवू दे, त्याला पुढे जाऊ द्या. अंजुणे धरणाचं पाणी दिसलं की ते मुलांना दाखवा, त्यांची नजर आपोआप लांब जाते.

बागेत फार काही आखावं लागत नाही. गोव्यात या बागांना कुळागर म्हणतात: पोफळी-माडांच्या सावलीत मिरीचे वेल, वेलदोडे, दालचिनी. फेरी तासाभराची असते. जायफळाभोवतीची लालभडक जाळी म्हणजे जायपत्री, ती मुलांच्या हातात द्या. व्हॅनिलाच्या फुलाचं परागीकरण माणसाला हाताने करावं लागतं, हे दाखवायला सांगा. एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेत जाणारा माणूस दिसला, तर मुलं तिथून हलत नाहीत. जेवण तिथेच घ्या.

तीनला निघायचंच. घाट उजेडात चढून व्हायला हवा. चढताना मुलं झोपली तर उठवू नका, झोपेत गाडी सहसा लागत नाही. चहा जांबोटीला.