आठवड्याच्या जेवणाचा बेत आखताना या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत साठवणीच्या जिनसांची वानवा नसते. उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळतात आणि थंडीत मटार व मेथी स्वस्त झाली की ती भरपूर घेतली जाते. तरीही बुधवार-गुरुवार उजाडला की आज काय करायचे, हा प्रश्न उभा राहतोच. याचे कारण असे की, बेत पदार्थांच्या नावांनी आखला जातो आणि कोणता जिन्नस किती दिवस टिकतो, याचा विचार मागे पडतो. बहुतेक अडचणी या एकाच चुकीतून येतात, असे माझे ठाम मत आहे.

पावसाळ्यातील भुट्टाच पाहा. कणीस तोडल्यापासून दाण्यांतील साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर होऊ लागते आणि उष्म्यात ते अधिक वेगाने होते. रविवारी चोइथराम मंडीतून आणलेली कोवळी कणसे गुरुवारच्या किसासाठी, म्हणजे दाणे किसून दुधात शिजवण्याच्या पदार्थासाठी, राखून ठेवली, तर दाणे निबर होतात, कीस पिठूळ लागतो आणि दूध वाढवूनही पहिली गोडी येत नाही. म्हणून कीस बाजाराच्याच दिवशी करावा. कणसे राहिलीच, तर दाणे भरड वाटून, त्यात बेसन, हिरवी मिरची व जिरे घालून वडे करावेत. निबरपणा तेथे खटकत नाही. हाच नियम मटारलाही लागू आहे. फ्रीझरमध्ये ठेवायचा मटार कच्चाच पिशवीत भरू नये. तो उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात काढावा आणि पूर्ण निथळून मगच भरावा, म्हणजे रंग आणि चव टिकते.

पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत संपवाव्यात. भोपळा, कोबी, बटाटे मध्यावर घ्यावेत. थंडीतील गराडू हा कंद अखंड असेल तर स्वयंपाकघरातील कोरड्या, हवेशीर जागी चांगला राहतो, त्यामुळे तो शनिवारसाठी ठेवण्यास हरकत नाही. मात्र त्याला फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण फार थंडीने कंद आतून खराब होतो. सोलताना हाताला खाज येते, म्हणून आधी तेल लावावे.

आता वाळवणाकडे वळू. सांडगे, वड्या हे घरात काहीच नसेल तेव्हाचे जिन्नस मानले जातात आणि त्यामुळे डबा वर्षभर तसाच पडून राहतो. त्यांना आठवड्यातील एक ठरलेला दिवस द्यावा, शक्यतो पुढील बाजाराच्या आदल्या दिवसाचा. सांडग्यांची भाजी फुटून लगदा होत असेल, तर ते कच्चेच रश्श्यात पडत आहेत, असे समजावे. मंद आचेवर तेलात बदामी रंगापर्यंत परतून, फोडणीत कांदा शिजल्यावर उकळते पाणी घालावे आणि मगच सांडगे सोडावेत. त्या दिवशी ताटात लोणचे आणि पापड दोन्ही वाढू नयेत. सांडग्यांत मीठ असतेच, आणि घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर हा हिशेब अधिक काळजीने ठेवावा लागतो.

पावसाळ्यात मोठा डबा रोज उघडण्याची सवय वाळवणाला फार नडते. दमट हवा आत शिरते, पापड मऊ पडतात आणि कुरडयांवर बुरशी धरते. आठवड्यापुरते लहान डब्यात काढून मोठा डबा घट्ट लावून ठेवावा. नुसते सादळलेले वाळवण ऊन पडताच वाळवता येते. परंतु बुरशी दिसली तर ती पुसून वापरण्याचा मोह आवरावा आणि तो जिन्नस टाकून द्यावा. लोणच्याच्या फोडी तेलाखाली बुडालेल्या आहेत की नाहीत, हेही तेव्हाच पाहावे.

बटाट्याचा कीस तळताना लालसर होत असेल, तर बहुधा बटाटा शीतगृहातील असतो. थंडीत त्यातील स्टार्चची साखर होते आणि ती तळताना करपते. त्यासाठी फेब्रुवारी-मार्चमधील मालव्याचा ताजा बटाटा घ्यावा.

शेवटी दिनदर्शिका. एकादशी, संकष्टी आणि चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरातील मंडळी यांची नोंद बाजाराची यादी करण्यापूर्वीच घ्यावी, म्हणजे कांद्याच्या रश्श्यातील सांडगे एकादशीला येत नाहीत आणि साबुदाण्यासाठी ऐनवेळी धावपळ होत नाही.