पूल क्यूवर किती खर्च करायचा? खिसा हलका करणाऱ्या या चुका टाळा

चार-सहा महिने नेमाने पूल खेळणाऱ्याला कधीतरी स्वतःचा क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, घ्यावासा वाटतोच, आणि त्यात गैर काही नाही. पार्लरच्या रॅकमधल्या एका क्यूची टिप (टोकाची चामड्याची टोपी) चपटी झालेली असते, दुसऱ्याला बाक आलेला असतो, तिसऱ्याचा शाफ्ट (पुढचा निमुळता भाग) घाम आणि टिपवर घासायच्या चॉकने चिकट झालेला असतो. रोज वेगळी काठी हातात आली की हात बसत नाही. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. बहुतेक जण ‘कुठल्या कंपनीचा घेऊ?’ इथून सुरुवात करतात, आणि मग किती पैसे घालायचे हे विकणाराच ठरवून टाकतो.

आपल्याकडे दोन तुकड्यांचा साधा मेपलचा क्यू साधारण अडीच-तीन हजारांपासून मिळतो. दहा-पंधरा हजारांत बरी कारागिरी मिळते, आणि नामांकित कंपनीच्या कार्बन शाफ्टकडे वळलात की पन्नास हजार कधी ओलांडले ते कळतही नाही. एवढी मोठी दरी असताना चूक महागात पडणारच.

क्यूचा दोष नसताना क्यू बदलणं

सगळ्यात महागडी चूक हीच. तक्रार एक असते, कारण दुसरंच निघतं, आणि नवा क्यू आणल्यावर तीच तक्रार नव्या काठीसह सुरू राहते. म्हणून पाकीट काढायच्या आधी नेमकं काय बिघडलंय ते शोधा.

सारखे मिसक्यू होतायत, म्हणजे टिप बॉलवरून घसरून फटका चुकतोय? आधी टिप उजेडात धरून बघा. ती काचेसारखी गुळगुळीत आणि कडक झाली असेल तर तिच्यावर चॉक टिकतच नाही. खरवडून जरा खरखरीत केली की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. टिपचा गोलावा एक रुपयाच्या नाण्याच्या कडेशी साधारण जुळायला हवा. चपटी टिप कडेने लागते आणि घसरते. टिप ठीक असूनही मिसक्यू होत असेल तर तुम्ही पांढऱ्या बॉलला मध्यापासून फार लांब मारताय. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो. मध्यबिंदूपासून त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे साधारण १४ मिलिमीटरपर्यंतच टिप पकड धरते. त्यापलीकडे गेलात तर तीन हजारांचा क्यूही घसरतो आणि साठ हजारांचाही.

स्क्रू बसत नाही, म्हणजे खाली मारूनही पांढरा मागे येत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. इथे दहापैकी नऊ वेळा खेळणारा खाली मारतोय असं त्याला वाटत असतं, पण शेवटच्या क्षणी कोपर पडतं, क्यूचं टोक वर उचललं जातं आणि टिप बॉलच्या मध्यावर लागते. मित्राला मोबाइलवर बाजूने स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. फुकटात निदान होतं.

मारताना खडखड किंवा ‘टक्’ असा कोरडा आवाज येत असेल तर टिप एका बाजूने सुटलीय का, फेरुल (टिपखालचं कडं) हलतंय का, दोन तुकड्यांचा जॉइंट पूर्ण आवळलाय का आणि बटच्या (मागच्या जाड भागाच्या) आतला वजनाचा बोल्ट सैल झालाय का, हे या क्रमाने पाहा. शाफ्ट हातावरून सरकत नसेल तर ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरड्या फडक्याने घासा, किंवा दोनशे-चारशेचा ग्लव्ह घ्या. सँडपेपर मात्र लावू नका. दर आठवड्याला घासघासून १३ मिलिमीटरचे शाफ्ट साडेबारावर आणणारे लोक प्रत्येक पार्लरमध्ये असतात.

ही सगळी दुरुस्ती टिपची किंमत आणि मार्करची (पार्लरमधल्या कामगाराची) मजुरी धरून काही शे रुपयांत आटोपते. साधी दाबलेल्या चामड्याची टिप अगदी स्वस्त असते. थराथरांची जपानी टिप दीड-दोन हजारांच्या घरात जाते, पण ती आकार जास्त दिवस धरून ठेवते. माझं मत विचाराल तर स्वस्त क्यूवर चांगली टिप ही जोडी महागड्या क्यूवर मूळच्या कशाबशा टिपपेक्षा केव्हाही सरस.

बटच्या नक्षीला खेळाचे पैसे देणं

टिप आणि बॉल यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतका टिकतो. त्या क्षणात काम करते ती टिप, फेरुल आणि शाफ्टचा पुढचा वीतभर भाग. मागच्या बटला शिसवी जडवलीय की नुसतं स्टिकर चिकटवलंय, याची बॉलला गंधवार्ता नसते. तरीही किमतीतला मोठा फरक बऱ्याचदा बटमध्येच असतो: खऱ्या लाकडी पट्ट्यांचे पॉइंट्स, शिंपल्याची जडावाची फुलं, चामड्याचा रॅप (मुठीवरचं वेष्टण).

सुंदर वस्तूची हौस असायला हरकत नाही. फक्त ती हौस म्हणून मोजा, ‘यानं गेम सुधारेल’ या खात्यात टाकू नका. एकाच कंपनीचे दोन क्यू, शाफ्ट तोच, जॉइंट तोच आणि किंमत दुप्पट असं दिसलं तर वरचे पैसे नक्षीचे आहेत. रॅपबद्दल एवढंच, की हात फार घामट असतील तर लिनन बरं, बाकी आवडीचा मामला.

पूलच्या टेबलवर स्नूकरचा क्यू

ही खास आपल्याकडची चूक. क्यूचे खेळ इथे आले ते छावण्या आणि जिमखान्यांमधून. स्नूकरचा जन्मच १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला, आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. पूल त्यामानाने परवाचा. त्यामुळे आजही अनेक दुकानांत स्नूकरचेच क्यू आधी पुढे येतात, आणि विकणाराही बिनदिक्कत सांगतो, ‘दोन्ही चालतं.’

चालतं, पण रखडत. स्नूकरच्या क्यूची टिप साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास, शाफ्ट बहुधा अ‍ॅशचा, फेरुल पितळेचं. तो बनवलेला असतो ५२.५ मिलिमीटरच्या हलक्या बॉलसाठी. पूलचा बॉल मोठा आणि १५६ ते १७० ग्रॅमचा. पूलच्या क्यूची टिप पावणेतेरा-तेरा मिलिमीटरची असते, ती यासाठीच. बारीक टिपने पूल खेळताना ती लवकर पसरते, आणि त्याच क्यूने जोरात ब्रेक (डाव फोडणारा पहिला फटका) मारलात तर फेरुलजवळचं लाकूड चिरण्याची भीती. दोन्ही खेळ सारखेच खेळत असाल तर आधी ज्यावर जास्त तास जातात त्याचा क्यू घ्या. दुसऱ्यासाठी रॅक आहेच.

कार्बन आणि लो-डिफ्लेक्शनच्या मागे धावणं

पांढऱ्याला उजवीकडे साइड देऊन, म्हणजे मध्याच्या उजव्या बाजूला मारलं की तो क्यूच्या रेषेवरून न जाता किंचित डावीकडे सरकून निघतो. यालाच डिफ्लेक्शन म्हणतात. शाफ्टचा पुढचा भाग जितका जड तितकं हे सरकणं जास्त. पुढचा भाग पोकळ, बारीक किंवा हलका केला की ते कमी होतं. लो-डिफ्लेक्शन शाफ्टची सगळी करामत एवढीच आहे. शून्य होत नाही, कमी होतं. बॉल नंतर कापडावर वळतो तो वळतोच.

आता प्रामाणिकपणे बघा, तुम्ही साइड किती वेळा मुद्दाम वापरता? सरळ शॉट दहापैकी सात-आठ पॉट होत (बॉल खिशात जात) नसतील तर या शाफ्टचा फायदा तुमच्यापर्यंत पोचतच नाही, कारण तो फरक तुमच्या निशाण्याच्या चुकीतच हरवून जातो. उलट, वर्षानुवर्षं साध्या मेपलवर खेळून साइडची भरपाई अंगवळणी पडलेल्या माणसाला नव्या शाफ्टवर काही आठवडे सगळंच चुकल्यासारखं वाटतं. क्यू परत विकायला निघणारे बरेच जण याच काळातले असतात.

कार्बनला मात्र मी नुसतं फॅड म्हणणार नाही. मुंबईत किंवा कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये लाकडी शाफ्ट हवेतली ओल पितो आणि बाक धरतो. कार्बनला ना बाक येतो ना खोक पडते. आठवड्यातले पाच दिवस टेबलवर असणाऱ्याने, पाच-सात वर्षं तोच क्यू वापरायचा हिशेब करून कार्बन घेतला तर पैसे वसूल होतात. शनिवार-रविवारी तासभर खेळणाऱ्याने नाही. एक काळजी घ्या: कार्बनवर टिप बसवायची सवय नसलेल्या माणसाकडे तो देऊ नका. लाकडाच्या सवयीने त्याने ब्लेड किंवा सँडपेपर कडेने फिरवला की शाफ्टच्या टोकाला कायमचे ओरखडे.

पहिल्याच क्यूबरोबर ब्रेक क्यू, जंप क्यू, सगळा सरंजाम

गरज नाही. ब्रेक वेगळ्या काठीने मारावा हे खरं, कारण त्या जोरानं खेळायच्या क्यूची टिप चपटी होते. पण ती वेगळी काठी रॅकमध्ये फुकट उभी असते. त्यातला एकविसाचा आकडा असलेला सरळ क्यू उचला आणि ब्रेक मारा.

तो आकडा म्हणजे औंसातलं वजन. रॅकमधून तुमचा हात नेहमी कुठल्या आकड्याकडे जातो ते बघून ठेवा. बहुतेकांचं १९ वर, म्हणजे साधारण ५४० ग्रॅमवर जमतं. अर्धा-एक औंस इकडेतिकडे करायचं असेल तर अनेक क्यूंच्या बटमधला बोल्ट बदलता येतो, त्यासाठी नवा क्यू लागत नाही.

आकडा न ठरवता दुकानात जाणं

मी सुचवतो तो हिशेब असा: पहिल्या क्यूची कमाल किंमत म्हणजे तुमच्या वाट्याचं तीन महिन्यांचं टेबलभाडं. समजा पार्लरचा दर ताशी २०० रुपये, तुम्ही दोघं निम्मंनिम्मं भरता आणि आठवड्यातून तीन तास खेळता. आठवड्याचे ३०० रुपये, तीन महिन्यांचे साधारण ३,९००. म्हणजे क्यू चार हजारांपर्यंतचा, त्यावर नाही. आठवड्याला दहा तास खेळत असाल तर याच हिशेबाने तेरा हजार होतात, आणि तेवढं खेळणाऱ्याला तेवढा क्यू शोभतोही. भाडं भरायला कां-कू करून क्यू मात्र वीस हजारांचा घेणारे लोक मी पाहिलेत. त्यांचा क्यू बॅगेत झोपलेला असतो.

या आकड्यातूनच बॅग, चॉक आणि एक जादा टिप निघायला हवी. बॅगेवर कंजुषी नको. पुण्यात बहुतेक जण क्यू पाठीला लावून स्कूटरवर जातात. पातळ कापडी पिशवीत पावसाचं पाणी झिरपतं आणि जॉइंटपाशी लाकूड फुगतं. आतून कप्पे असलेली कडक केस घ्या. मे महिन्यात क्यू गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि घरी भिंतीला तिरका टेकवून तर मुळीच नाही.

जॉइंट न बघता घेणं

बट आणि शाफ्ट जोडणाऱ्या पिनचे अनेक प्रकार आहेत: ५/१६ इंची १८ आट्यांची, ३/८ इंची १० आट्यांची, रेडियल, युनिलॉक आणि आणखी काही. स्वस्तातला क्यू एखाद्या विचित्र पिनचा निघाला तर पुढे चांगला शाफ्ट घ्यायची वेळ आल्यावर तो त्या बटवर बसत नाही, आणि अख्खा क्यू नव्याने घ्यावा लागतो. सर्रास मिळणाऱ्या पिनचा चार हजारांचा क्यू आज घ्या आणि दोन वर्षांनी फक्त शाफ्ट बदला. टप्प्याटप्प्याने खर्च करायची याहून चांगली वाट नाही.

हातात न घेता मागवणं

ऑनलाइन घेताना परत करायच्या अटी आधी वाचा, आणि प्रसिद्ध ब्रँडचा कार्बन क्यू पाच-सात हजारांत दिसला तर तो नकलीच समजा. अमेरिकेतल्या भाच्याला किंवा मावशीला आणायला सांगणार असाल तर त्यांना बजावून सांगा, की क्यू हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानातच टाकावा लागतो. वॉरंटीही कागदावर असते. बाक आला म्हणून परत पाठवायचा म्हटलं तर कुरियरचा खर्च बहुधा आपल्याच गळ्यात पडतो.

क्यू हातात आल्यावर आधी डोळ्यापाशी धरून बटकडून टिपकडे बघा. मग जोडून टेबलवर लोळवा. टोक वरखाली उड्या मारत असेल तर दोन्ही तुकडे वेगवेगळे लोळवा. शाफ्ट एकटाही उडत असेल तर बाक शाफ्टला आहे, तो घेऊ नका. दोन्ही तुकडे सुटे सरळ आणि जोडल्यावरच वाकडे दिसत असतील तर जॉइंटच्या तोंडाशी घाण अडकलीय किंवा ती तोंडं सपाट नाहीत. पुसून पुन्हा बघा.

जुना क्यू घेताना हे सगळं तर कराच, शिवाय फेरुलवर केसाएवढी चीर आहे का ते नखाने तपासा आणि व्हर्निअरने टिपपाशी शाफ्टची जाडी मोजा. कंपनीने तेरा सांगितलंय आणि माप साडेबारा येतंय, तर तिथे मालकाचा सँडपेपर फिरलाय. तेवढी किंमत खाली आणा, नाहीतर पुढचा क्यू बघा.