पार्किन्सन्समध्ये वजन उतरतंय? घरच्यांनी काय बघायचं

घरात पार्किन्सन्सचा पेशंट असला की सगळ्यांचं लक्ष हाताच्या थरथरीकडे, आणि इकडे ब्लाउज सैल होतोय, पँटला पट्टा आवळावा लागतोय, तरी "वय झालं आता" म्हणून सोडून देतात. सोडू नका. हा आजार नुसता हातापायांचा नाहीये, वास कमी येतो, गिळणं मंदावतं, पोट साफ होत नाही, मग भूक कुठून लागणार? वर ताठलेले स्नायू आणि नको त्या हालचाली यात कॅलरी जळतात त्या वेगळ्याच.

तर आधी वजन. आठवड्यातून एकदा, तोच काटा, सकाळी पोट साफ झाल्यावर चहाच्या आधी, आणि लगेच कॅलेंडरवर लिहून टाका. ६० किलोचा माणूस डाएट न करता सहा महिन्यांत ३ किलो उतरला तर न्यूरोलॉजिस्टला सांगायचंच.

मग गोळीची वेळ, इथेच जास्त घोळ होतो. लेवोडोपा (पार्किन्सन्सची मुख्य गोळी, सिंडोपा वगैरे) आणि प्रोटीन पचून तयार होणारी काही अमिनो ॲसिड्स आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दाराने शिरतात, त्यामुळे दूध-अंड्याबरोबर गोळी घेतली की ती दारातच ताटकळते. म्हणून साधारण जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर. मळमळलं तर एखादं साधं बिस्किट चालतं. लोहाची गोळी मात्र दोन तास लांब ठेवा.

पण हे ऐकून लोक दूध, डाळ सगळंच तोडतात आणि माणूस अजून वाळतो! बंद नाही करायचं, सरकवायचं. जेवणानंतर गोळीचा असर खरंच कमी होत असेल तरच, आणि डॉक्टरांना विचारून, दुपारी भात-भाजी किंवा भाकरी-भाजी द्या, आणि उसळ, पनीर, मासे रात्रीच्या जेवणात.

गोळीचा असर चालू असताना जेवायला बसवा, घाई करू नका, थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या, मऊ भातावर तूप सढळ हाताने. पाणी पिताना ठसका लागत असेल तर घरगुती प्रयोग नकोत, गिळणं तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे न्या.

उलटंही होतं बरं का. डीबीएस सर्जरीनंतर (मेंदूत बारीक तारा बसवून विजेचे सौम्य झटके देतात ती) बऱ्याच जणांचं वजन वाढतं, आणि प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा पार्किन्सन्सच्याच दुसऱ्या गोळ्यांवर काहींना खा-खा सुटते, रात्री उठून फ्रिज उघडतात. हावरटपणा म्हणून ओरडू नका, डॉक्टरांना फोन करा, पण ती गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका.