सीझनचं माळवं कसं ओळखायचं

मोबाईलवर माळव्याचे, म्हंजे भाजीपाल्याचे, तक्ते फिरत असतात बघा, जानेवारीत हे खा, जुलैत ते खा. त्यातले निम्मे उत्तरेकडच्या हवेच्या हिशोबानं केलेले, त्यामुळं मी ते वाचायचं सोडून दिलंय. त्यापेक्षा सकाळी आमच्या कोल्हापुरात कपिलतीर्थच्या नाहीतर लक्ष्मीपुरीच्या बाजारात जावा आणि मोठ्या ढिगांकडं न बघता खाली पोतं अंथरून बसलेल्या आज्ज्यांकडं बघा. चार पेंड्या पोकळा, दोन वाटे वांगी, बास. जे रानात आलंय तेवढंच त्यांच्याकडं असतंय. तीन-चार आज्ज्यांपुढं एकच भाजी दिसली की तिचा सीझन आला समजायचं. दर उतरलाय आणि माल पण टवटवीत आहे, तर भर सीझन, बिनधास्त पिशवी भरा.

थंडीत तर नुसती चंगळ असते. मेथी, चाकवत, कांद्याची पात, मटार, गाजर, पावटा, पेरू, बोरं. पण माझ्या मते सगळ्यात भारी हरभऱ्याची भाजी, आणि ती मिळते पण थोडेच दिवस. पेरणीनंतर साधारण महिनाभरानं शेंडे खुडतात म्हंजे झाडाला जास्त फांद्या फुटतात, तेच शेंडे बाजारात येतात. एकदा फुलं लागली की खुडणं बंद. पानांवर आंब, म्हंजे आंबट खार असते, म्हणून जुनी माणसं ही भाजी धूत नाहीत. आता फवारणी होते त्यामुळं मी एकदा पटकन पाण्यातनं काढते, थोडी आंब जाते तर जाऊदे. जास्त मिळाली तर सावलीत वाळवायची, हातानं चुरडायची आणि डब्यात भरून ठेवायची, उन्हाळ्यात माळवं महाग झालं की लसूण-मिरचीची फोडणी देऊन भाकरीबरोबर खायची. आणि भोगीला तर विचारच करावा लागत नाही, त्या दिवसात रानात जे असतंय ते सगळं एकाच कढईत जातंय.

पावसाळ्यात पालेभाजी चिखलानं भरलेली आणि लगेच कुजणारी, त्यामुळं दोडका, पडवळ, कारली, काकडी अशा वेलावरच्या भाज्या घ्या. कुर्डू, टाकळा, भारंगी या रानभाज्या पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्याच चांगल्या, नंतर जून होतात. स्वतः ओळखता येत नसतील तर तोडायला जाऊ नका, विकणारीकडनंच घ्या आणि कशी करायची ते पण तिलाच विचारा. अळूला चिंच नाहीतर आमसूल पाहिजेच, नाहीतर घसा खाजतोय. शेपू न खाणारी आमच्या घरातली मंडळी गौरी आल्या की मात्र गपचूप शेपूची भाजी-भाकरी खातात, हे एक मला कळलेलं नाही.

फळांचं म्हणाल तर आंब्याची घाई नको. एकदा मी फेब्रुवारीत डझनभर हापूस आणला, वरनं पिवळाधमक आणि कापला तर आत पांढरट, आंबट. शेवटी साखर घालून पन्ह्यासारखं काहीतरी केलं आणि घरात आठवडाभर ऐकून घेतलं. कार्बाइडनं पिकवायला बंदी आहे, इथिलीन गॅसनं पिकवायला परवानगी आहे, पण कोवळा उतरवलेला आंबा कशानंही पिकवला तरी चव कुठनं येणार? एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबा, देठापाशी नाक लावा, वास नसला तर ठेवून द्या. तोवर द्राक्षं आहेतच, तासगाव-मिरज हाकेच्या अंतरावर. कलिंगडाचा जमिनीला टेकलेला डाग पांढरा नको, लोण्यासारखा पिवळा पाहिजे. मेमध्ये करवंदं, जांभळं दिसली की त्याच दिवशी घ्या, पाऊस पडला की संपली. सीताफळ गणपतीच्या पुढंमागं येतंय, डोळे उघडलेलं घ्यायचं आणि तांदळाच्या डब्यात ठेवायचं, पण रोज दाबून बघायचं, माझी दोन तशीच विसरून काळी पडली.