तुमची प्रोग्रामिंग भाषा कुठे-कुठे ‘अधिकृत’ चालते? यादी ठरवायची रीत

समजा, फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या तिघा-चौघांनी शाळकरी मुलांसाठी एक छोटी ओपन सोर्स प्रोग्रामिंग भाषा केली. इंटरप्रिटर, म्हणजे ती भाषा वाचून चालवणारा प्रोग्राम, ‘सी’ भाषेत लिहिलेला, व्हेरिएबलची नावे देवनागरीत देण्याची सोय. ‘केअर्स’ योजनेमुळे गोव्यातल्या शाळांत कोडिंग शिरलेच आहे, तेव्हा साखळीकडच्या एका शाळेने ती वापरायला घेतली. आता बाईंचा पहिला फोन भाषेच्या व्याकरणाबद्दल नसतो. “आमच्या लॅबमध्ये अजून विंडोज ७ आहे, चालेल मां?” एवढेच त्यांना हवे असते. मागोमाग कुणी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावाला, कुणी मॅकवाला. अशा वेळी उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत, ‘सगळीकडे चालते’ असे ठोकून दिले, की पुढची दोन वर्षे तेच निस्तरत बसावे लागते. यादी नीट ठरवायला एखादी संध्याकाळ पुरते.

१. आधी ‘सपोर्ट’ म्हणजे काय ते ठरवा

प्लॅटफॉर्मची, म्हणजे प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या जोड्यांची, नावे लिहायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: इथे टेस्ट नापास झाली, तर नवी आवृत्ती अडवून धरणार का? ज्याचे उत्तर ‘हो’ तो पहिल्या श्रेणीत. मोठ्या भाषाही हीच कसोटी लावतात. रस्ट या भाषेत तीन टियर, म्हणजे श्रेणी, आहेत. पहिल्यात चालण्याची हमी, दुसऱ्यात बिल्ड होण्याची, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार होण्याची, हमी, तिसऱ्यात कोड ठेवलेला आहे पण हमी कसलीच नाही. पायथॉनने हे नियम ‘पेप ११’ या दस्तऐवजात लिहून ठेवले आहेत. टियर १ मोडणारा बदल मुख्य शाखेत घेतलाच जात नाही. टियर २ मोडला तर २४ तासांत दुरुस्त करायचा किंवा मागे घ्यायचा. टियर ३ मोडला तरी रिलीज थांबत नाही.

छोट्या प्रकल्पाने रस्टची नक्कल करू नये असे माझे मत. ‘बिल्ड होते, चालते का ते बघितलेले नाही’ ही मधली पायरी शाळेतल्या बाईंच्या काय कामाची? ‘आम्ही जबाबदार’ आणि ‘चालले तर चालले’ अशा दोनच श्रेणी ठेवा.

२. प्लॅटफॉर्मचे नाव पुरते लिहा

‘लिनक्स’ एवढे लिहून भागत नाही. प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम, तिची किमान आवृत्ती आणि सी लायब्ररी (सीमधले प्रोग्राम ज्याच्या आधारे चालतात तो तयार कोड), ही चारही लिहायची. नव्या उबंटू लिनक्सवर बांधलेली बायनरी, म्हणजे तयार प्रोग्राम, जुन्या उबंटूवर नेली की ती बऱ्याचदा ग्लिबसी या सी लायब्ररीची नवी आवृत्ती मागत बसते. अल्पाइन लिनक्समध्ये तर ग्लिबसीच नाही, तिथे मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे. रस्टने २०२२ मध्ये, १.६४ या आवृत्तीपासून, लिनक्ससाठी ग्लिबसी २.१७ आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) ३.२ अशी किमान रेघ स्पष्ट आखली, ती याचसाठी.

हा उगाच कीस पाडणे वाटत असेल तर देवनागरीचेच उदाहरण घ्या. ‘क’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे आकड्यांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेते: २२४, १६४, १४९. इंटरप्रिटरमध्ये तुम्ही लिहिले, ‘बाइट १२७ पेक्षा मोठा असेल तर नाव देवनागरीत आहे असे धरा.’ सीमधला एक बाइट ठेवायचा ‘कॅर’ हा प्रकार ऋण आकडे धरतो की नाही, हे सीच्या मानकाने प्लॅटफॉर्मवर सोडले आहे. इंटेल-एएमडीच्या लिनक्सवर तो धरतो, म्हणजे २२४ चा होतो उणे ३२, आणि तुमची अट कधीच खरी ठरत नाही. रास्पबेरी पायवरच्या लिनक्समध्ये, म्हणजे एआरएमवर, तो धरत नाही. तिथे तोच प्रोग्राम बिनबोभाट चालतो. ‘मग एआरएमवर ठीक आहे’ म्हणावे, तर ॲपलच्या एम मालिकेतला प्रोसेसरही एआरएमच, पण मॅकवर ‘कॅर’ पुन्हा ऋण धरतो. एकाच ओळीचे प्रोसेसर आणि सिस्टिमच्या जोडीप्रमाणे निकाल बदलतात. उपाय सोपा आहे, ‘अनसाइन्ड कॅर’ (ऋण आकडे न धरणारा) लिहायचे. पण चूक आहे हे कळायला त्या जोडीवर टेस्ट चाललेली हवी.

३. वापरणारे कोण ते विचारा, डाउनलोडचे आकडे बाजूला ठेवा

डाउनलोडमध्ये आपोआप चालणाऱ्या बिल्ड यंत्रांची भर असते, आणि ती बहुतेक लिनक्सवर असतात. शाळेत मात्र एकदाच उतरवलेला इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवरून सगळ्या लॅबभर फिरतो. आकड्यांत तो एक दिसतो. त्यापेक्षा चार शाळांना फोन करून विंडोजची आवृत्ती, ३२ बिट की ६४, आणि रॅम किती एवढे विचारून घ्या.

४. माणसे आणि यंत्रे मोजा

यादी खरी इथे ठरते. पायथॉनमध्ये टियर २ साठी किमान दोन कोअर (मुख्य) डेव्हलपरांनी नाव नोंदवावे लागते, टियर ३ साठी एकाने, आणि दोन्हीकडे भरवशाचा बिल्डबॉट, म्हणजे आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारे यंत्र, लागतो. ‘गो’ या भाषेतही नव्या पोर्टसाठी, म्हणजे ती नव्या प्लॅटफॉर्मवर नेण्यासाठी, किमान दोन डेव्हलपर आणि एक बिल्ड यंत्र अशी अट आहे. दोन का, ते गोव्यात समजावून सांगायला नको. चवथीच्या आठवड्यात एकटा मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारा, पेडण्याला घरी गेला, की गणपतीवरची माटोळी बांधायची सोडून तो तुमची मोडलेली टेस्ट बघत बसणार नाही, आणि बसूही नये.

यंत्राचे म्हणाल तर गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सार्वजनिक प्रकल्पांना लिनक्स, विंडोज आणि मॅकची बिल्ड यंत्रे फुकट मिळतात. आता एआरएम लिनक्सही मिळते. पहिल्या श्रेणीत शक्यतो एवढेच घ्या. उरलेल्यासाठी कुणाच्या घरी रास्पबेरी पाय ठेवायचा असेल, तर जूनमध्ये वीज गेल्यावर तो आपोआप परत चालू होतो का ते आधी बघा. ‘टेस्ट मोडली’ आणि ‘यंत्र बंद आहे’ यातला फरक कळेनासा झाला की आठवड्याभरात सगळे त्या लाल खुणेकडे डोळेझाक करतात. यंत्रच नसेल तर क्यूएमयू या प्रोग्रामवर दुसऱ्या प्रोसेसरचे सोंग आणता येते. संथ असते, पण बाइटांच्या क्रमाच्या चुका (काही प्रोसेसर आकड्याचे बाइट उलट्या क्रमाने ठेवतात) पकडायला झकास. वेग मात्र त्यावर मोजू नका.

५. तुम्ही ज्यावर उभे आहात ते बघा

तुमचा कंपायलर (कोडपासून प्रोग्राम बनवणारे साधन) जिथे पोचत नाही तिथे तुम्हीही पोचत नाही. पायथॉनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ पॅकेजने फेब्रुवारी २०२१ मध्ये रस्टचा वापर सुरू केला. रस्ट ही एलएलव्हीएम या प्रोसेसरचा कोड बनवणाऱ्या साधनावर उभी, आणि डीईसी अल्फा, एचपीचा पीए-रिस्क असल्या जुन्या प्रोसेसरांसाठी एलएलव्हीएम कोड बनवत नव्हते. तिथे ते पॅकेज बांधता येईना आणि मोठा वाद पेटला. त्या प्रोसेसरांची हमी मूळ लेखकांनी दिलेली नव्हती. तिथे ते आजवर चालत होते, एवढेच. ‘चालते’ आणि ‘सपोर्ट आहे’ यांतली रेघ आधीच लिहून ठेवायची ती अशा दिवसासाठी.

६. काढायचा नियम घालायच्या दिवशीच लिहा

यादीत घालणे सोपे, काढताना सगळे वाईट दिसतात. म्हणून तारीख आपण न ठरवता बाहेरच्या गोष्टीला बांधा. नवी आवृत्ती येते त्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या विस्तारित सपोर्टमध्ये असलेले विंडोजच पायथॉन धरते. विंडोज ७ चा तो सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि त्याच वर्षी आलेले पायथॉन ३.९ त्यावर चालत नाही. गोने १.२० च्या वेळीच सांगितले की विंडोज ७ वर चालणारी ही शेवटची आवृत्ती, १.२१ ला विंडोज १० लागते. रस्टने सप्टेंबर २०२५ मध्ये, १.९० पासून, इंटेल मॅकला पहिल्या टियरमधून दुसऱ्यात उतरवले. ॲपल इंटेलवरून हात काढून घेत होते आणि गिटहबची फुकट इंटेल मॅक यंत्रेही बंद होणार होती. रस्टसारख्या भाषेला जे यंत्राशिवाय जमत नाही, ते आपल्याला कुठून जमणार?

काढताना किमान एक आवृत्ती आधी सांगा, आणि जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर हलवू नका. लॅबमधले संगणक बदलणे मुख्याध्यापकांच्या हातात नसते.

७. नवा पॅच आला तर

कधीतरी कुणी उत्साही माणूस हायकू किंवा नेटबीएसडी अशा कमी वापरातल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवतो. हिरमोड करायचा नसतो, पण ‘धन्यवाद’ म्हणून डोळे मिटून मर्जही करायचे, म्हणजे आपल्या कोडमध्ये घ्यायचे, नसते. एकदा लिहून ठेवलेले उत्तर असे असू शकते:

“पॅचबद्दल आभार. इतर प्लॅटफॉर्मच्या कोडला धक्का लागत नसल्याने आम्ही तो घेत आहोत. हा प्लॅटफॉर्म दुसऱ्या श्रेणीत राहील, म्हणजे त्यासाठी रिलीज थांबणार नाही आणि तयार बायनरी देणार नाही. पहिल्या श्रेणीत आणायचा असल्यास दोघांची नावे आणि सतत चालणारे एक यंत्र लागेल. सलग दोन आवृत्त्या बिल्ड मोडलेला राहिला आणि कुणी दुरुस्त केला नाही, तर कोड काढला जाईल.”